कुत्र्याच्या पोटात माणसाचे औषध: विषबाधेची ओळख, उपचार आणि उरलेले प्रश्न

गेल्या काही दशकांत आपल्या शहरांत दोन बदल एकाच वेळी झाले. अंगणात किंवा जिन्याखाली राहणारा कुत्रा घरात आला आणि सोफ्यावर, पलंगावर वावरू लागला. त्याच काळात घरातली औषधेही वाढली. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, सांधेदुखी, आम्लपित्त यांच्या गोळ्या आता जेवणाच्या टेबलावर, उशाशी, पर्समध्ये आणि फ्रिजवरच्या डब्यात असतात. हे दोन बदल जिथे एकमेकांना भिडतात, तिथे पाळीव कुत्र्यांना औषधांची अपघाती विषबाधा होते. या विषयात पशुवैद्यकाला आज काय ठाऊक आहे, तज्ज्ञांचे मतभेद कुठे आहेत आणि कोणते प्रश्न अजून सुटलेले नाहीत, याचा हा आढावा आहे.

पार्श्वभूमी

जनावरांच्या विषबाधेचा अभ्यास पूर्वी मुख्यतः गुरांभोवती फिरत असे. विषारी चारा, कीटकनाशके, युरिया हे त्याचे विषय होते. घरातल्या कुत्र्या-मांजरांसाठी स्वतंत्र माहितीसेवेची गरज नंतर जाणवली. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९७८ साली प्राण्यांसाठी विषमाहिती केंद्र सुरू झाले. १९९६ पासून ते एएसपीसीए ही प्राणिरक्षण संस्था चालवते. ब्रिटनमध्ये पशुवैद्यकांसाठीची विषमाहिती सेवा १९९२ मध्ये, तर सामान्य मालकांसाठीची दूरध्वनी सेवा २०११ मध्ये सुरू झाली. अमेरिकी केंद्राकडे अलीकडे दर वर्षी चार लाखांहून अधिक प्रकरणे येतात. त्यांत बहुसंख्य कुत्रे असतात. डॉक्टरच्या चिठ्ठीविना मिळणारी माणसांची औषधे या केंद्राच्या वार्षिक यादीत वर्षानुवर्षे अग्रभागी आहेत आणि चिठ्ठीवर मिळणारी औषधेही फार मागे नसतात.

एका प्राण्याचे औषध दुसऱ्यासाठी घातक ठरते, हे भारताने गिधाडांच्या रूपाने पाहिले आहे. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. शेवटी २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधाच्या वापरावर बंदी आली. यकृतातली विकरे, मूत्रपिंडांची क्षमता, औषध शरीरात टिकण्याचा काळ हे सगळे जातीगणिक बदलते. म्हणून ‘लहान मुलाला चालते, तर कुत्र्याला का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर वजनाच्या हिशेबात सापडत नाही, ते शरीरक्रियेत शोधावे लागते.

अपघात दोन तऱ्हांनी होतो. कुत्रा स्वतः औषध खातो ही पहिली तऱ्हा. पिल्ले आणि लॅब्रेडॉरसारखे खादाड कुत्रे गोळ्यांची अख्खी पट्टी वेष्टनासकट गिळतात. आयबुप्रोफेनच्या काही गोळ्यांवर गोड आवरण असते. कुत्र्यांसाठी बनवलेल्या वेदनाशामक गोळ्यांना मांसाचा स्वाद असतो, त्यामुळे बाटलीच फस्त झाल्याची उदाहरणे आहेत. दुसऱ्या तऱ्हेत कुत्रा लंगडतो किंवा त्याचे अंग गरम लागते म्हणून घरातलेच कुणी मायेने त्याला आपली गोळी देते. या दुसऱ्या तऱ्हेवर बोलणे अवघड जाते, कारण गोळी देणारा त्याच घरातला असतो. पण निदानाला सर्वांत जास्त उपयोग तिथल्याच खऱ्या माहितीचा होतो.

कोणती औषधे, किती मात्रा

अनुभवी पशुवैद्य आधी चार गोष्टी विचारतात: कोणते औषध, किती, केव्हा आणि कुत्र्याचे वजन किती. धोका किलोमागे किती मिलिग्रॅम पोटात गेले यावर ठरतो.

वेदनाशामकांपासून सुरुवात करू. आयबुप्रोफेन किलोमागे २५ मि.ग्रॅ.च्या पुढे गेले की उलट्या आणि जठरात व्रण होण्याची शक्यता असते. १७५ मि.ग्रॅ.च्या पुढे मूत्रपिंडांना, तर ४०० मि.ग्रॅ.च्या पुढे मेंदूला धोका पोचतो. ४०० मि.ग्रॅ.ची एक गोळी पाच किलोच्या कुत्र्याला किलोमागे ८० मि.ग्रॅ. पडते. दहा गोळ्यांची पट्टी वीस किलोच्या गावठी कुत्र्यालाही मूत्रपिंडांच्या धोक्यापर्यंत नेते. नॅप्रोक्सेन माणसाच्या रक्तात साधारण अर्धा-पाऊण दिवसात निम्मे होते. कुत्र्यात त्याला सुमारे तीन दिवस लागतात, म्हणून अगदी थोडी मात्राही महागात पडते.

पॅरासिटामॉलमुळे कुत्र्याच्या यकृताला होणारा धोका साधारणपणे किलोमागे ७५ ते १०० मि.ग्रॅ.च्या पुढे मानला जातो. २०० मि.ग्रॅ.च्या आसपास रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमताच घटते आणि हिरड्या तपकिरी दिसू लागतात. ६५० मि.ग्रॅ.ची गोळी तीस किलोच्या लॅब्रेडॉरसाठी किरकोळ आहे, पाच किलोच्या पिल्लासाठी मात्र किलोमागे १३० मि.ग्रॅ. होते. मांजरांना याच्या कितीतरी कमी मात्रेने जीव गमवावा लागतो. कुत्र्याला सोसलेली गोळी म्हणून मांजराला कधीही देऊ नये.

आपल्या घरांत सर्रास आढळणारी, पण परदेशी याद्यांत मागे राहणारी दोन औषधे इथे वेगळी नोंदवायला हवीत. पहिले आठवड्यातून एकदा घ्यायचे ६०,००० युनिटचे व्हिटॅमिन डी. त्या एका सॅशेत किंवा कॅप्सूलमध्ये दीड मिलिग्रॅम कोलेकॅल्सिफेरॉल असते. कुत्र्यात किलोमागे ०.१ मि.ग्रॅ.च्या आसपास रक्तातले कॅल्शियम वाढू लागते आणि ०.५ मि.ग्रॅ.च्या पुढे स्थिती गंभीर होऊ शकते. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याने एक कॅप्सूल खाल्ली तरी डॉक्टरांना फोन करायला हवा. चार कॅप्सूलची पट्टी खाल्ली असेल, तर ती तातडीची बाब आहे.

दुसरे औषध आयसोनियाझिड. जगातल्या क्षयरुग्णांपैकी जवळपास चौथा हिस्सा भारतात आहे आणि रुग्णाच्या घरातल्या निरोगी माणसांनाही प्रतिबंधासाठी हे औषध दिले जाते. ज्या विकराच्या मदतीने माणसाचे यकृत आयसोनियाझिड निकामी करते, ते कुत्र्याकडे नसते. किलोमागे ५० मि.ग्रॅ.च्या आसपासची मात्रा प्राणघातक ठरू शकते, म्हणजे सहा किलोच्या पॉमेरेनियनला ३०० मि.ग्रॅ.ची एक गोळीही जिवावर बेतू शकते. अर्ध्या तासापासून काही तासांत झटके सुरू होतात आणि ते नेहमीच्या झटक्यांच्या औषधाला पुरेसे दाद देत नाहीत. पायरिडॉक्सिन, म्हणजे व्हिटॅमिन बी-६, हा त्यावरचा नेमका उतारा आहे. घरात क्षयाचे औषध आहे हे पशुवैद्यांना वेळीच कळले, तर कुत्रा वाचू शकतो.

मधुमेहाच्या औषधांत मेटफॉर्मिनने बहुधा पोट बिघडण्यावर भागते. ग्लिमेपिराइडने मात्र रक्तातली साखर धोकादायक खाली जाते आणि आपल्याकडे ही दोन्ही अनेकदा एकाच गोळीत असतात. अ‍ॅम्लोडिपिनसारखी रक्तदाबाची औषधे आणि स्नायू सैल करणारे बॅक्लोफेन लहान कुत्र्यांना एक-दोन गोळ्यांतही घातक ठरू शकतात. दम्याचा सालब्युटामॉल पंप कुत्र्याने चावून फोडला, तर काही मिनिटांत हृदयाचे ठोके बेसुमार वाढतात आणि रक्तातले पोटॅशियम उतरते. सोरायसिसवरचे कॅल्सिपोट्रिऑल आणि त्वचेच्या काही विकारांवरचे फ्लुरोयुरॅसिल ही मलमे चाटण्यातूनही जीव घेऊ शकतात. काही साखररहित च्युइंगगम आणि चघळण्याच्या गोळ्यांत झायलिटॉल असते. त्याने कुत्र्याची साखर झपाट्याने उतरते आणि मात्रा मोठी असेल तर यकृतही निकामी होते.

प्राण्यांची औषधेही यातून सुटत नाहीत. गोचिडांसाठीचे अमिट्राझ पाण्यात चुकीच्या प्रमाणात कालवले, तर कुत्रा सुस्त आणि थंड पडतो, नाडी मंदावते. गुरांसाठीचे आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचणे विशेषतः कॉली वंशाच्या कुत्र्यांत जीवघेणे ठरते. त्यामागचा जनुकदोष २००१ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी शोधला.

उलट बाजूही सांगायला हवी. थायरॉक्सिन कुत्र्यांना पुष्कळ सोसते. त्यांना उपचार म्हणून दिली जाणारी मात्राच माणसाच्या कैक पट असते. १०० मायक्रोग्रॅमची एखादी गोळी मध्यम आकाराच्या निरोगी कुत्र्याने खाल्ली, तर सहसा काही होत नाही. म्हणजे गोळी पोटात जाणे आणि विषबाधा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तो फरक आकडेमोडीनेच कळतो.

ओळख: लक्षणे आणि त्यांचे फसवे वेळापत्रक

लक्षणांचे ढोबळ चार गट पडतात. पहिला पोटाचा: लाळ गळणे, उलट्या, जुलाब, उलटीत रक्त, डांबरासारखी काळी शी. दुसरा मज्जासंस्थेचा: झोकांड्या, थरथर, अस्वस्थ भुंकणे, झटके, गुंगी. तिसरा हृदय व श्वासाचा: फार जलद किंवा फार मंद नाडी, धाप, पांढऱ्या, निळसर किंवा तपकिरी हिरड्या. चौथा उशिरा दिसणारा: खूप तहान, लघवी वाढणे किंवा बंद होणे, कावीळ, अन्नावरची वासना जाणे.

यातले एकही लक्षण केवळ औषधाचे नाही. झोकांड्या भांगेनेही जातात, गोचीड-तापानेही. होळीच्या दिवसांत कुत्रा लडखडत असेल, लघवीवर ताबा नसेल आणि जरा आवाजाने दचकत असेल, तर भांगेची शंका घ्यावी लागते. म्हणून चांगले निदान लक्षणांइतकेच घरातल्या पुराव्यावर उभे असते: चावलेली पट्टी, सांडलेली बाटली, मोजणीत कमी भरलेल्या गोळ्या.

वेळापत्रक तर हमखास फसवते. आयसोनियाझिड, बॅक्लोफेन, सालब्युटामॉल यांचा परिणाम मिनिटांत किंवा काही तासांत दिसतो. आयबुप्रोफेनने पहिल्या काही तासांत एखादी उलटी होते, कुत्रा सावरल्यासारखा वाटतो आणि व्रण किंवा मूत्रपिंडाचा त्रास एक ते पाच दिवसांत उघड होतो. व्हिटॅमिन डीची लक्षणे दिसायला बारा ते छत्तीस तास, कधी त्याहून अधिक वेळ लागतो. कुत्रा शेपूट हलवतो, जेवतो, खेळतो म्हणून घरचे निर्धास्त असतात, तेवढ्यात उपचाराचा सर्वांत मोलाचा काळ निघून जातो.

उपचार: जिथे एकमत आहे

तीन बाबींवर तज्ज्ञांत मतभेद नाहीत. पहिली, लक्षणांची वाट पाहू नये. औषध पोटात असतानाच हस्तक्षेपाचा सर्वाधिक उपयोग होतो आणि ही संधी सहसा पहिल्या एक-दोन तासांची असते.

दुसरी, घरगुती उताऱ्यांवर विसंबू नये. मिठाचे पाणी पाजल्याने रक्तातले सोडियम वाढून मेंदूला इजा होऊ शकते. घशात बोट घालणे कुत्र्याला आणि माणसाला दोघांनाही इजा करते. दूध-दह्याने या औषधांचा प्रभाव उतरत नाही. तूप किंवा तेल श्वासनलिकेत जाण्याची भीती असते आणि व्हिटॅमिन डीसारख्या स्निग्धात विरघळणाऱ्या पदार्थांचे शोषण त्याने उलट वाढू शकते.

तिसरी, बहुतेक औषधांना नेमका उतारा नसतो. सलाईन, जठराचे संरक्षण, झटके थांबवणे, साखर, कॅल्शियम, पोटॅशियम आणि मूत्रपिंडांवर लक्ष ठेवणे हाच उपचाराचा गाभा असतो. जिथे उतारा आहे तिथे तो पुष्कळदा माणसांच्या औषध-दुकानातही मिळतो. पॅरासिटामॉलवर एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन आणि अफूवर्गीय औषधांवर नॅलोक्सोन ही त्याची उदाहरणे. अमिट्राझवरच्या अ‍ॅटिपामेझोलसारखे काही उतारे मात्र पशुवैद्यांकडेच शोधावे लागतात.

मतभेदाचे मुद्दे

पहिला वाद घरी उलटी करवण्याचा. अमेरिकेत दवाखाना दूर असेल, तर पशुवैद्यांच्या फोनवरील सूचनेनुसार तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड देण्याची पद्धत आहे. २०१२ मधील एका अभ्यासात उलटी करवण्यात ते दवाखान्यातल्या अ‍ॅपोमॉर्फिनच्या जवळपास बरोबरीचे ठरले. या पद्धतीचे समर्थक म्हणतात की दीड तासाच्या प्रवासात औषध रक्तात मुरण्यापेक्षा हे बरे. विरोधक २०१७ च्या अभ्यासाकडे बोट दाखवतात, ज्यात निरोगी कुत्र्यांच्या जठराच्या अस्तराला पेरॉक्साइडने इजा झाल्याचे दुर्बिणीतून दिसले. ब्रिटनमध्ये घरी उलटी करवू नये असाच सल्ला दिला जातो. भारतासाठी यात एक वेगळा मुद्दा आहे. आपल्याकडे दुकानात मिळणारी पेरॉक्साइडची बाटली अनेकदा सहा टक्क्यांची असते, त्यामुळे परदेशी सूचना जशीच्या तशी पाळली तर दुप्पट तीव्र द्रव पोटात जातो. कुत्रा गुंगीत असेल, झटके येत असतील, पगसारखा चपट्या नाकाचा असेल किंवा रॉकेल, अ‍ॅसिडसारखा पदार्थ प्यायला असेल, तर उलटी करवू नये, यावर दोन्ही बाजू सहमत आहेत. उलटीतून साधारण निम्मेच औषध बाहेर येते, हेही दोघांना मान्य आहे.

दुसरा वाद सक्रिय कोळशाचा. कोळसा आतड्यात औषध धरून ठेवतो. पण युरोप-अमेरिकेतील विषशास्त्र संघटनांनी १९९७ मध्ये माणसांसाठी कोळसा आणि जठर धुणे या दोन्हींचा सरसकट वापर नको अशी भूमिका घेतली. पशुवैद्यकात एक मत असे की कुत्रे माणसांपेक्षा कितीतरी जास्त मात्रा एकदम गिळतात आणि नॅप्रोक्सेनसारखी औषधे पित्तावाटे आतड्यात पुन्हा येतात, म्हणून कोळशाला इथे अजून स्थान आहे. दुसरे मत असे की कोळसा फुप्फुसात गेला किंवा सोडियम वाढले, तर मूळ विषापेक्षा उपचार जड होतो. झायलिटॉल, अल्कोहोल आणि धातूंवर तो फारसा चालत नाही, हे मात्र निर्विवाद आहे.

तिसरा वाद स्निग्ध द्रव शिरेतून देण्याचा. मूळ कल्पना माणसांच्या भूलशास्त्रातली आहे. १९९८ मध्ये गाय वाइनबर्ग यांनी उंदरांवरच्या प्रयोगांत ती पुढे आणली आणि २००९ मध्ये मॉक्सिडेक्टिनची बाधा झालेले एक पिल्लू या उपायाने वाचल्याची नोंद प्रसिद्ध झाली. बॅक्लोफेन, आयव्हरमेक्टिन यांसारख्या स्निग्धप्रेमी औषधांवर अनेक डॉक्टर आता तो वापरतात. तथापि पुरावा बराचसा सुट्या प्रकरणांचा आहे, जनुकदोष असलेल्या कुत्र्यांत आयव्हरमेक्टिनवर त्याचा लाभ दिसला नसल्याच्याही नोंदी आहेत आणि स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती आहे. तो पहिल्या फळीचा उपाय मानावा की शेवटचा, यावर निर्णय झालेला नाही.

चौथा मतभेद पॅरासिटामॉलचा आहे. ब्रिटनमध्ये कोडीनसह पॅरासिटामॉल कुत्र्यांसाठी मान्यताप्राप्त आहे आणि काही पशुवैद्य हिशेबी मात्रेत ते देतात. दुसऱ्यांचे म्हणणे असे की ‘पॅरासिटामॉल चालते’ एवढेच लोकांच्या कानावर पडते, मात्रेचा तपशील विसरला जातो आणि पुढच्या वेळी गोळी घरीच दिली जाते. औषधशास्त्र पहिल्या बाजूला आधार देते, दुसऱ्या बाजूच्या मागे दवाखान्यातला अनुभव आहे.

न सुटलेले प्रश्न

सर्वांत मोठी उणीव नोंदींची आहे. माणसांसाठी दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून राष्ट्रीय विषमाहिती केंद्र आहे. पाळीव प्राण्यांसाठी त्या तोडीची देशव्यापी सेवा आपल्याकडे उभी राहिलेली नाही. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक आहे, पण त्याची रचना मुख्यतः पशुधनासाठी आहे. परिणामी आपल्या घरांत कोणत्या औषधांनी किती कुत्रे आजारी पडतात, हे परदेशी याद्यांवरून ताडावे लागते आणि त्या याद्यांत आयसोनियाझिड किंवा साठ हजारी व्हिटॅमिन डी यांचे इथले वजन दिसत नाही. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा शिरवळ, नागपूर, परभणीची महाविद्यालये यांच्या रुग्णालयांत येणाऱ्या प्रकरणांची एकसारखी नोंद ठेवली गेली, तरी चांगली सुरुवात होईल.

दुसरा प्रश्न उपचाराच्या आवाक्याचा. रक्तशुद्धीकरणाने वेदनाशामकांची मोठी मात्रा बाहेर काढता येते, असे अलीकडचा अनुभव सांगतो. कुत्र्यांसाठी हिमोडायलिसिसची सोय चेन्नईच्या मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोजक्या ठिकाणी आहे. तालुक्याच्या गावी रात्री अकराला पशुवैद्य मिळणेच मुश्कील, तिथे डायलिसिस दूरची गोष्ट आहे. मर्यादित साधनांत कोणता कुत्रा घरी निरीक्षणाखाली ठेवावा आणि कोणता शहरात हलवावा, याचे आपल्या परिस्थितीला साजेसे निकष ठरायला हवेत.

तिसरा प्रश्न वेष्टनाचा. अमेरिकेने १९७० मध्ये कायद्याने आणलेली बालरोधक झाकणे कुत्र्याच्या दातांपुढे टिकत नाहीत. आपल्या पट्ट्यांचा एक फायदा आहे: रिकामी घरे मोजून किती गोळ्या गेल्या ते कळते. पण दुकानदार पट्टी कापून चार गोळ्या देतो, तेव्हा औषधाचे नाव कापलेल्या तुकड्यावरच राहून जाते. ऑगस्ट २०२३ पासून तीनशे आघाडीच्या ब्रँडच्या वेष्टनांवर क्यूआर कोड बंधनकारक झाला. तो सुट्या गोळ्यांपर्यंत पोचत नाही.

शेवटचा प्रश्न मनाचा आहे. गोळी आपण दिली किंवा घरात भांग होती, हे सांगायला लोक कचरतात. पशुवैद्याला दोषारोप करायचा नसतो, त्याला फक्त नाव आणि मात्रा हवी असते. हा विश्वास बसेल असे बोलणे ही दवाखान्यांचीही जबाबदारी आहे.

निष्कर्ष

मतभेद उपचारांच्या क्रमाबद्दल आणि साधनांबद्दल आहेत. मूळ सूत्राबद्दल सगळे एक आहेत: लवकर मिळालेली खरी माहिती दवाखान्यातल्या कोणत्याही औषधाइतकीच मोलाची असते. म्हणून ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी काही गोष्टी आजच कराव्यात. सगळी औषधे, मलमे आणि पंप बंद कपाटात उंचावर ठेवावेत. सुट्या गोळ्या घेताना नाव असलेला तुकडा मागून घ्यावा. कुत्र्याचे ताजे वजन आणि रात्री उपलब्ध असलेल्या पशुवैद्याचा क्रमांक कपाटाच्या दारावर लिहून ठेवावा. गोळी खाल्ल्याचा संशय आला, तर उरलेल्या गोळ्या मोजाव्यात, पट्टीचा फोटो काढावा, तोंडात काही न घालता लगेच फोन करावा आणि पट्टी व उलटीचा नमुना सोबत घेऊन निघावे. कुत्रा शुद्धीवर असून साखर उतरल्याची शंका असेल, तर वाटेत हिरड्यांना मध चोळता येतो, तोही डॉक्टरांना विचारून. आणि स्वतःची गोळी त्याला कधीही, कितीही मायेने, विचारल्याशिवाय देऊ नये.